किती कॉम्प्युटरवर?

१७ ऑक्टोबर. लॅबच्या रजिस्टरमध्ये त्या तारखेखाली माझ्या अक्षरात एवढंच आहे : ‘कॉम्प्युटर अडला. रामटेकेंना फोन.’ आलापल्लीच्या बसस्टँडमागे माझी रक्त तपासायची एका खोलीची लॅब आहे. पेशी मोजायचं यंत्र जुनं, त्याचा प्रोग्रॅम एका जुन्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो, आणि ती सिस्टीम आता बाजारात मिळत नाही. त्या सकाळी कॉम्प्युटर आत जाऊच देईना. लायसन्स तपासता येत नाही, अशी चौकट पडद्यावर. बाहेर बाकावर सात माणसं, त्यांत भामरागडच्या बाजूने पहिल्या गाडीने आलेली एक गरोदर बाई. मी नेहमीसारखा गडचिरोलीला देवानंद रामटेकेंना फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोने. मी काम सांगायला लागले, तर त्या सावकाश म्हणाल्या, “ते गेले नं बाई. शनिवारी. छातीत दुखते म्हनले, अन् बसले ते बसलेच.”

मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून पहिल्या निळ्या पडद्यावरची तारीख पाहिली. वीस-बावीस वर्षांपूर्वीची एक जानेवारी. म्हणजे आतला गोल सेल संपला होता, मशीन आपली तारीख विसरलं होतं आणि म्हणून लायसन्स अडलं होतं. देवानंदभाऊ मला कितीदा सांगून गेले होते, “पयले तारीख पाहा, बाई. मंग मले फोन करा.” मी कायम उलटं करत आले. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं, तर झाकणाच्या आतून त्यांनी चिकटपट्टीने एक पाकीट लावून ठेवलेलं. त्यात दोन नवे सेल. एक बसवला, तारीख घातली, दुपारी एकपर्यंत सातही जणांचे रिपोर्ट दिले. रडायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर रडू आलंही नाही.

त्यांची माझी ओळख बारा वर्षांची. पहिल्यांदा आले तेव्हा हातात चष्म्याचं घर होतं. मला वाटलं, आता चष्मा काढतील. त्यातून निघाले चार स्क्रू-ड्रायव्हर. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. शाळा, सोसायट्या, दवाखाने, जिथे जिथे जुने कॉम्प्युटर तिथे तिथे हे एसटीने जायचे. चोरीची सिस्टीम टाकून द्या, सगळेच टाकतात, असं मी एकदा म्हटलं, तर चष्म्याचं घर बंद करून उठलेच. “मंग मले काऊन बोलावता? ते तर कोनीबी टाकून देईन.” त्यांना चहा देऊन पुन्हा बसवावं लागलं.

लायसन्स चालू करायची त्यांची पद्धत ठरलेली होती. इंटरनेटवरून झालं नाही, तर कंपनीच्या फोनवर. पडद्यावर आकड्यांचे गट येतात, ते फोनवर एकेक दाबायचे, मग पलीकडचा रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज उलट आकडे सांगतो, ते इकडे भरायचे. एक आकडा चुकला की पहिल्यापासून. माझ्या खोलीत रेंज नसायची, म्हणून ते अंगणात सीताफळाखाली उभे, आणि मी दारातून ओरडून आकडे वाचायची. पेशंट हे सगळं मन लावून ऐकत. “ह्या बाईइतकं तर मही बायकोबी विचारत नाई,” ते फोनवर हात ठेवून म्हणायचे. या सगळ्यात तो आवाज एक प्रश्न विचारतो : हे सॉफ्टवेअर किती कॉम्प्युटरवर लावलं आहे? उत्तर ‘एक’ असेल तरच पुढे जाता येतं.

अलीकडे ते कंटाळले होते. जुनी मशीनं आता घेणार नाही, असं दर दिवाळीला सांगायचे आणि दर दिवाळीनंतर कुणाचा तरी फोन आला की निघायचे. नागपुरात एका ठिकाणी काम मिळत होतं, गेले नाहीत. “मी इकून हललो की तिकून कोनी बोलावते. फसून राह्यलो, बाई. उद्या मी मेलो तं तुमचं कसं होईन?” मी सुई टोचत होते. मी म्हटलं, “मग मरू नका.” ते हसले होते. माझंही काही वेगळं नव्हतं. यंत्र बदलायची ऐपत नाही, यंत्राला हाच कॉम्प्युटर लागतो, आणि कॉम्प्युटरला हाच माणूस. एका खोलीत तिघं अडकलेले, इतकंच.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात वीज पडून माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला. त्यांनी कुठून तरी जुना बोर्ड आणून बसवला, पण माझं लायसन्स जळलेल्या बोर्डाबरोबरच गेलं. ते दुसऱ्या बोर्डावर चालणारं नव्हतंच. नवी किल्ली, म्हणजे तो पंचवीस अक्षरांचा नंबर, विकत मिळायची सोय राहिली नव्हती. यंत्र बंद. माणसं गडचिरोलीपर्यंत जाऊन यायला लागली. काही गेलीच नाहीत. चौथ्या दिवशी देवानंदभाऊ आले, खिशातून कागद काढला आणि नंबर भरायला लागले. कुठून आणला, विचारलं. “होती एक घरी. कोनत्याबी मशीनवर चालते, पन एका वेळी एकाच.” मग अंगणात उभे राहिले. तो प्रश्न आला तेव्हा त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. फोन कापला. घरी बायकोला लावला. एवढंच बोलले, “बंद हाये नं? आता लावू नको.” मग पुन्हा कंपनीला फोन, पुन्हा सगळे आकडे, आणि या वेळी ‘एक’. माझं यंत्र सुरू झालं. घरी काय बंद आहे, हे मी विचारलं नाही. मला माझ्या रिपोर्टांची घाई होती.

पुढच्या रविवारी गडचिरोलीला गेले. त्यांच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी होऊन गेला होता, घर रिकामं. बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो, आणि खिडकीजवळ टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, वर धुतलेला, इस्त्री केलेला रुमाल. मी विचारलं, हा चालतो का? त्यांच्या बायकोने, शीलावहिनींनी, रुमाल काढून बटण दाबलं. पडदा आला. ‘आत जाण्यापूर्वी लायसन्स चालू करा.’ त्यापुढे काही नाही.

“दोन वर्षं झाली, दारातच उभा हाये,” वहिनी म्हणाल्या.

त्या घरी टायपिंग करायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. लग्नाच्या पत्रिका, अर्ज, कॉलेजच्या पोरींचे प्रोजेक्ट. त्यांचा प्रोग्रॅम आणि मराठी अक्षरं जुन्या सिस्टीमचीच. पंधरा वर्षांचं काम त्या डब्यात. किल्ली काढून माझ्याकडे आली आणि त्या दिवसापासून मशीन बंद. मी विचारलं, त्यांनी तुम्हाला विचारलं होतं का?

“विचारलं नं. मी हो म्हनलं.” रुमालाची घडी घालत त्या म्हणाल्या, “नाई म्हनाची सोय होती का? रगताचं काम म्हने. पत्रिकेसाठी कोन अडून राह्यते?”

लोक अजूनही टायपिंगसाठी येतात, दारातून परत जातात. वहिनींना एका ऑफिसात टायपिंगला बोलावलंय, पण नव्या सिस्टीमवर हात बसत नाही. मी म्हटलं, किल्ली परत देते. तर त्याच मला रागावल्या. “राहू द्या. तिथं पेशंट हायेत. त्यायनं देल्ली ते देल्ली.”

परतीच्या गाडीत तीन तास खिडकीशी बसून मी एकच गोष्ट उलटसुलट करत राहिले. दोन्हीकडे तीच किल्ली चालवायची आणि फोनवर ‘एक’ म्हणायचं. कोणाला कळणार होतं? मी फार तत्त्वाची बाई नाही. वाटेतलं घोट गाव येईपर्यंत माझं तेच ठरलं होतं. पण अंगणात बटणावर बोट ठेवून थांबलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलेना... त्याने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर दोन घरं दोन वर्षं सुखात राहिली असती, याचा मला त्याच्यावर रागही आला. आलापल्ली आली तेव्हा राग होताच, पण ठरलेलं बदललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लॅब उघडली. जुने रिपोर्ट पेनड्राइव्हवर घेतले आणि कॉम्प्युटरची डिस्क पुसून टाकली. कपाटातून मायक्रोस्कोप काढला, खिडकीच्या उजेडात ठेवला, पेशी मोजायची चौकोनी घरांची काच धुऊन पुसली. शिकले तेव्हा अशीच मोजत होते; बोर्ड जळला त्या चार दिवसांत हे मनातही आलं नव्हतं. एका माणसाला वीस मिनिटं. बाहेरच्यांना सांगितलं, आजपासून वेळ लागेल, ज्यांना थांबायचं नाही त्यांनी गडचिरोलीला जावं. दोघं उठून गेले. मग सीताफळाखाली उभी राहून वहिनींना फोन लावला.

“आता चालू करा. पहिले तारीख पाहा.”

“पायली. बरोबर हाये.” मग त्यांनीच विचारलं, “तुमचं बंद केलं?”

“केलं.”

मी किल्लीची पंचवीस अक्षरं वाचली, ती त्यांनी भरली. मग शेजारणीच्या फोनवरून कंपनीचा नंबर लावला, माझा तसाच चालू ठेवून. अर्धा तास मी आकडे ऐकत उभी होते. एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून. मग तो प्रश्न आला.

“बाई, किती म्हनू?”

“एक,” मी म्हटलं.

बटण दाबल्याचा आवाज आला. मी फोन खिशात टाकला आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं.