घर गळतंय म्हणू नये

आमच्या आईच्या तोंडी काही शब्द यायचेच नाहीत. बांगडी फुटली की ती ‘वाढली’. दिवा कधी विझला नाही, त्याला ‘निरोप दिला’. कुंकू संपलं तरी ‘वाढलं’, आणि डब्यात तांदळाचा दाणा नसला तरी तांदूळ ‘वाढलेले’ असत. आण्णा, म्हणजे माझे वडील, तिला चिडवायचे, “आपल्या घरात समदं वाढतंच हाय. माझा पगारच काय तो वाढंना.” आई हसायची, पण शब्द बदलायची नाही. शब्दाला कान असतात, असं ती म्हणे. लहानपणी मला ते खरं वाटायचं. आता त्याचा राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

आम्ही मूळचे पिशोरकडचे. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर आण्णांनी भावांच्या हाती शेती सोपवली आणि औरंगाबादेत जिनिंगमध्ये नोकरी धरली. माझी मोठी बहीण ॲक्शनच्या साली जन्मलेली, त्यामुळे तिचं वय कुणाला विचारावं लागत नसे. जुन्या शहरातल्या एका गल्लीत आण्णांनी दोन खोल्यांचं घर घेतलं. भिंती मातीच्या, वर माळवद. म्हणजे तुळया, त्यांवर फळ्यांसारखी आडवी लाकडं आणि त्यांवर हातभर माती. ही माती साधी चालत नाही. शेतातली काळी टाकली तर ती उन्हात फाटते आणि पावसात ढासळते. त्याला पांढरी लागते, जुन्या, उजाड झालेल्या गावठाणातली, पडक्या घरांची माती. दौलताबादच्या बाजूनं तिच्या गाड्या यायच्या. दर उन्हाळ्यात आण्णा माळवदावर ती पसरायचे, पाणी शिंपडून चोपायचे, आणि मग तपासणी व्हायची.

तपासणी अशी. आण्णा घागर घेऊन वर चढत. जिथं शंका असेल तिथं पाणी ओतत आणि छपराला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, आमच्याकडं त्याला सवणं म्हणतात, खाली ओरडत, “आलं का?” खाली आई, ताई आणि मी माना वर करून उभ्या. थेंब दिसला की म्हणायचं, “आलं.” नाहीतर, “नाय आलं.” ‘गळलं’ म्हणायचं नाही. ताई वात्रट होती. कोरड्या जागीही ती “आलं, आलं” म्हणायची. बिचारे आण्णा पुन्हा माती चोपायचे, पुन्हा घागर ओतायचे, आणि शेवटी खाली येऊन बघायचे तर ताई पदरात तोंड घालून हसत असायची. तिच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात तपासणी लवकर उरकली. आण्णा म्हणाले, “आवंदा काय मजा नाय आली.”

ताईला वैजापूरच्या पलीकडं एका खेड्यात दिली होती. घरचं शेत, कांदा, कपाशी, माणसं चांगली. वर्षाच्या आत तिला दिवस गेल्याची खबर आली आणि आमच्या घरात ‘गळणं’ हा शब्द पुरता बंद झाला. आधी तो आईच्या तोंडात नव्हता, आता आम्हालाही बंदी. पोटुशी बाईच्या बाबतीत गळणं म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. गर्भ राहतो किंवा गळतो. सर्दी झाली तरी मी नाक गळतंय म्हणायचं नाही, इतकी कडक शिस्त. आण्णा म्हणायचे, “माठ पाझरतोय बरं का. पाझरतोय म्हणलं मी, ऐकलंस ना?”

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात बोलण्यासारखं काही नाही, ते तसंच असतं. सातव्यात आणायचं, आठव्यात बाईला हलवायचं नाही. सातवा चुकला तर एकदम नववा लागल्यावर. मागची खोली आईनं ताईसाठी तयार केली. तिथं वारा लागत नव्हता. बाज नव्यानं विणून घेतली. डिंक, खोबरं, अळीव आणून ठेवले. ज्येष्ठात सातवा लागणार होता आणि लागला की आण्णा रजा टाकून तिला आणायला जाणार होते.

त्या ज्येष्ठात एका संध्याकाळी, चूल पेटवायच्या वेळेला, आभाळ पिवळं पडलं. आधी वारा आला. गल्लीतले पत्रे उडाले, ते पडल्याचे आवाज लांबून येत राहिले. मग पाऊस, आणि त्यात गारा. बोळातलं लिंबाचं झाड मुळासकट आमच्या मागच्या भिंतीवर आलं. आम्ही तिघं पुढच्या खोलीत एकमेकांना धरून बसलो होतो. मागून एक जड, बसका आवाज झाला. आण्णा उठून दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले.

मागच्या खोलीचं अर्धं माळवद खाली आलं होतं. तुळई मोडून बाजेवर पडली होती आणि त्यावर हातभर ओली माती. आईनं अंधारात हात घालून डिंकाचा डबा शोधला. डबा सापडला, आत पाणी होतं. ती रडली नाही. म्हणाली, “ती आज हितं नव्हती, हे काय कमी हाय का?”

आम्ही आवरायला घेतलं. माती टोपल्यांनी बाहेर काढली. झाड तोडून नेलं. पण पाऊस थांबेना. वादळ गेलं आणि त्याच्या पाठोपाठ झड लागली. ओल्या भिंतीला नवी माती धरत नाही, ओल्या मातीवर छप्पर चढत नाही. सिमेंटला परमिट लागायचं आणि ते आमच्यासारख्यांना कोण देणार? भिंतींनी खालून पाणी ओढलं होतं. गिलावा फुगून त्याचे तळहाताएवढे पोपडे सुटायचे. आई खोलीत शेगड्या पेटवून ठेवायची आणि रोज सकाळी भिंतीला गाल लावून बघायची. ओल हाताला कळत नाही, गालाला कळते, असं तिचं म्हणणं. गाल काढला की ती मान हलवायची आणि मला शेण कालवायला सांगायची.

शेजारी खाला राहायच्या. त्यांचं छत जुनं, चुन्याचं. त्या वादळात त्यांच्याकडं टिपूसही आत आला नव्हता. त्या आईला म्हणाल्या, “बेटी कू मेरे कने लाको सुला. मेरी कोठी सूखी है. तेरा घर क्या, मेरा घर क्या.”

आईनं त्यांचा हात धरला. पण म्हणाली, “खाला, लेकीचं पहिलंवहिलं. मायबापाला सोताचं छप्पर नव्हतं म्हणत्यान तिला जल्मभर.”

ताईच्या सासरच्या गावचा एक माणूस मोंढ्याच्या बाजारात कांदा घेऊन यायचा. त्याच्या हाती निरोप धाडायचा ठरलं. तो अंगणात उभा होता. मागची खोली त्याला दिसत नव्हती, आईनं दार ओढून घेतलं होतं. आण्णा म्हणाले, “सांग की सरळ. वादळानं घर पडलं, गळतंय.” आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते मागं सरले.

“पोटुशीला असला सांगावा धाडत्यात व्हय?” ती हळूच म्हणाली. मग त्या माणसाला म्हणाली, “तिला म्हणावं, घरात काम काढलंय. सातव्यात नाय जमायचं, जरा दम धर. नववा लागला की आण्णा न्यायला येतील.”

“काम काढलंय व्हय? माडी चढवता का काय?” तो माणूस हसून म्हणाला.

आईही हसली. “तसंच समजा,” म्हणाली.

खाला भिंतीपलीकडून ऐकत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, “छत गिरी तो गिरी बोलना. सच बोलने कू क्या होता?” आई म्हणाली, “आमच्यात नाय बोलत, खाला.” आणि ती शेगडीत कोळसे घालायला गेली.

तो आठवा महिना आम्ही त्या खोलीत घालवला. जिनिंगमधून आले की आण्णा कपडे न बदलता मागं जायचे. उघाड पडली तेव्हा बाभळीची नवी तुळई चढली. लाकडं बसली. पांढरीच्या गाड्या आल्या. आण्णा चोपत बसायचे, आणि चोपण्याचा तो ठक ठक आवाज गल्लीला इतका सवयीचा झाला की तो थांबला तर खाला विचारायच्या, तबियत बरी आहे ना. मी आणि आईनं भिंती लिंपल्या. मोडलेल्या बाजेला नवा खूर बसवला. आईनं पुन्हा डिंक आणला. एका सकाळी तिनं भिंतीला गाल लावला आणि काढलाच नाही. तशीच उभी राहून मला म्हणाली, “ये, तू बघ.” मी गाल लावला. भिंत कोरडी होती, जरा कोमटही. मी आईला इतकं सुखात नंतर कधी पाहिलं नाही.

त्याच दिवशी तपासणी. आण्णा घागर घेऊन वर चढले. आई आणि मी खाली, माना वर.

“आलं का?”

“नाय आलं.”

पाय सरकल्याचा आवाज, पुन्हा पाणी. “आता?”

“नाय आलं,” आई म्हणाली आणि हसू लागली. “ताई असती तर म्हणली असती आलं म्हणून.” नववा दोन-चार दिवसांवर आला होता. मनात माझी ताईची वेणीसुद्धा घालून झाली होती.

आण्णा शेवटच्या कोपऱ्यावर गेले, जिथं झाड पडलं होतं तिथं. तेवढ्यात कडी वाजली. दार उघडंच होतं. कांदेवाला माणूस आत येऊन उभा राहिला. त्याची टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती. आई त्याच्या हाताकडं बघत राहिली. त्यानं सांगितलं. ताईला वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या. गावची सुईण थकली. पहाटे बैलगाडी जुंपली, पण नाल्याला पाणी होतं, गाडी अलीकडंच उभी राहिली. तिथंच गाडीत मुलगी झाली. आधी मुलगी गेली, मग ताई.

वरून आण्णांनी विचारलं, “आलं का गं?”

मी वर सवण्याकडं बघितलं.

“आगं, आलं का? सांगा की.”

त्यांनी आणखी एक घागर ओतली. थेंबही खाली आला नाही. छप्पर फार चांगलं झालं होतं.

दहाव्याला आम्ही ताईच्या सासरी होतो. तिची सासू आईजवळ येऊन बसली. मग म्हणाली, “विहीणबाई, आम्हाला वाटलं तुम्ही माडी बांधताय. म्हणलं, बांधू द्या, घाई कशाला. घर पडलंय म्हणला असतात तर माझ्या भावाकडं ठिवली असती की वैजापुरात. दवाखाना दारात होता.” आई खाली बघत होती. सासू पुढं बोलली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट आईला बरं वाटावं म्हणूनच बोलली. “लई खुशीत होती. आडावर समद्या बायांला सांगायची, माझ्या आण्णांनी माझ्यासाठी नवी खोली काढली. बाळ घेऊन त्याच खोलीत ऱ्हाणार म्हणायची.”

आण्णा उठून बाहेर गेले. आई उठली नाही. मला वाटलं ती आता हंबरडा फोडेल, पण तिनं सासूला फक्त एवढंच विचारलं, “खोलीला रंग कोणता दिला म्हणून सांगायची?” सासूला ते आठवेना.

परत आल्यावर मागच्या खोलीला आईनं नीळ चुन्यात कालवून रंग दिला. ताईला निळा आवडायचा. तिथं कुणी झोपत नसे. आई दुपारी एकटीच जाऊन भिंतीला गाल लावून उभी राहायची. ओल बघायला नव्हे. मला ते सहन व्हायचं नाही आणि मी चिडून काहीतरी काम काढायचे. आण्णांनी तपासणी सोडून दिली. माती टाकायचे, चोपायचे, पण घागर घेऊन वर गेले नाहीत. “आलं का” हा प्रश्न आमच्या घरात परत कुणी विचारला नाही. त्यामुळं दोन-तीन वर्षांत माळवद पुन्हा जागोजागी झिरपायला लागलं. कुणी बघितलंच नाही.

माझं लग्न झालं. मलाही दिवस गेले. सासरी कुणी उघड बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ताईचं माहीत होतं, आणि मला तर रात्रंदिवस तेच. सातवा लागला तो भर पावसाळ्यात. माहेरहून कुणी येतंय का बघत मी दारात बसायचे. येणार नाही, असंही वाटायचं. कुठल्या तोंडानं येतील.

एक दिवस खालांचा थोरला मुलगा आला. भिजून चिंब. चहाही न घेता म्हणाला, “आपाजान, तुमच्या आईनं निरोप दिलाय. जसाच्या तसा सांग म्हणाल्या, एक शब्द बदलू नको म्हणाल्या. दोनदा म्हणवून घेतला माझ्याकडून.”

“काय निरोप?”

त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. इतकी वर्षं आमच्या शेजारी राहून त्यालाही ते शब्द कुणाला सांगायचे नसतात ते ठाऊक होतं.

“म्हणाल्या, घर गळतंय. तशीच ये.”