पहिल्या कार्डावरचे आवाज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आमच्या भूगोलाच्या सरांचं नाव सांगतो. आईवडिलांना हे माहीत आहे आणि मान्यही आहे. दहावीनंतर मी तालुक्याच्या गावी गॅरेजात लागणार होतो. सर घरी आले, ओट्यावर बसले आणि चहाला हात लावेनात. "आधी पोराला अकरावीला घालतो म्हणा, मग घेतो." वडिलांनी चहा पुन्हा गरम करायला लावला, तोही निवला, मग ते हो म्हणाले. आमच्या घरात पहिला पदवीधर झाला तो असा.

निवृत्त झाल्यावर सरांनी एक काम हाती घेतलं. सातबाऱ्यावर शेताला गट नंबर असतो, पण माणसं शेताला नंबराने हाक मारत नाहीत. बिबव्याचं वावर, आडवी पट्टी, रुसलेलं रान अशी नावं असतात, आणि प्रत्येकाची काही गोष्ट असते. ती आता फक्त म्हाताऱ्या माणसांना ठाऊक. सर खिशात मावणारा रेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडू लागले. मी म्हटलं, "सर, लिहूनच का नाही घेत?" तर म्हणाले, "लिहायला बसलो की मी त्याचं शुद्ध मराठी करून टाकतो. मास्तर ना मी! आवाजच ठेवायचा."

अशी पाच मेमरी कार्डं भरली. मागच्या वेळी गावी गेलो तेव्हा ती, आणि कोणत्या कार्डावर कोण कोण आहे याची यादी, त्यांनी माझ्या हातात दिली. "हे सगळं तुझ्या कंप्युटरवर नीट ठेव. आणि एक कार्ड रिकामं करून लगेच पाठव. सोमवारी वरच्या वाडीला जायचंय."

शनिवार पेठेत माझी खोली आहे. शनिवारी सकाळी कामाला बसलो. मी टर्मिनलवर काम करतो, म्हणजे माउस न वापरता काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करतो. त्यात जलद होतं, आणि खरं सांगायचं तर आपण शिकलेले आहोत असंही वाटतं. फाइल एका जागेवरून दुसरीकडे हलवायचा हुकूम आहे mv. पहिल्या कार्डावरच्या सगळ्या फाइली मी एका फोल्डरमध्ये हलवल्या. मग दुसऱ्या कार्डावरच्या त्याच फोल्डरमध्ये, मग तिसऱ्या, अशी पाचही. एकदाही काही अडलं नाही. पहिलं कार्ड रिकामं झालं होतं, ते दुपारच्या एसटीने पार्सल केलं. संध्याकाळी ते सरांना मिळालंही.

रविवारी दुपारी ऐकायला म्हणून फोल्डर उघडला, तर फाइली फार थोड्या. एका कार्डावर असतील तेवढ्याच, फार तर दोन-चार जास्त. मग लक्षात आलं. नवं कार्ड घातलं की सरांचा रेकॉर्डर पुन्हा एकपासून नंबर द्यायला लागतो. पाचही कार्डांवर पहिल्या फाइलचं नाव तेच, दुसरीचं तेच. आणि mv ला नुसतं 'हलव' म्हटलं की तिथे त्या नावाची फाइल आधीच असली तरी तो नवी आणून तिच्या जागी ठेवतो. जुनी जाते. चार कार्डांवरचे आवाज पाचव्याने पुसले होते, आणि हलवल्यामुळे कार्डांवरही काही उरलं नव्हतं.

त्याच वेळी मी सरांना फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. पण सर तालुक्यात सगळ्यांना सांगत असतात, "आमचा पोरगा पुण्यात कंप्युटरमध्ये आहे." त्या माणसाला काय सांगायचं? आधी काही परत मिळतंय का बघू, मग सांगू, असं ठरवून मी फोन खाली ठेवला. रविवार तसाच गेला.

सोमवारी ऑफिसात आमच्या सीनियर मॅडमना सांगितलं. त्या नारायण पेठेतल्या. मी सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, "मॅडम, त्याने एकदाही विचारलं नाही हो."

"अहो, तो कंप्युटर आहे, तुमच्या सासूबाई नव्हेत, आपणहून विचारायला. विचार म्हणून सांगितलं होतंत?"

"नाही."

"-i लिहिलं असतंत तर जुनीच्या जागी नवी ठेवण्याआधी दर वेळी विचारलं असतं. -n लिहिलं असतंत तर त्या नावाची फाइल तिथे असेल तेव्हा त्याने नवीला हातच लावला नसता, ती कार्डावरच राहिली असती. एका अक्षराचं काम. आणि मुळात हलवायचं कशाला? कॉपी करायची, प्रत्येक कार्डाचा वेगळा फोल्डर करायचा, दोन-चार ऐकून बघायच्या, मगच पुसायचं. असो. कार्डं कुठेत?"

"चार माझ्याकडे."

"मग रडताय कशाला? पुसलेलं लगेच जात नाही. कार्डावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुनं खाली तसंच असतं, काढता येतं. पाचवं?"

"पाचवं नाही, पहिलं. ते सरांकडे पाठवलं. ते आज त्यावर..."

"आणि तुम्ही इथे उभे? फोन लावा!"

पहिल्या वेळी लागला नाही. वाडीवर रेंज नसते. अर्ध्या तासाने लागला तेव्हा मागे शेळ्या ओरडत होत्या.

"सर, त्या कार्डावर काही रेकॉर्ड करू नका."

"अरे, सकाळपासून चाललंय की! दोन म्हातारबाबा झाले, तिसऱ्या आजी बसल्यात. का रे?"

आणि मी म्हणालो, "कार्डात बिघाड दिसतोय, सर."

"असं होय! बरं, थांबवतो. बरं झालं बाबा तू हायस तिथं. आम्हाला काय कळलं असतं?"

चार कार्डांवरचं सगळं परत मिळालं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर मॅडमनीच दिलं. फाइलींचे नंबर गेले होते, त्यामुळे प्रत्येक ऐकून कोण बोलतंय ते लिहावं लागलं. पहिलं कार्ड सरांकडून परत मागवलं, त्यावरचंही बरंच मिळालं. पण नऊ माणसांच्या बोलण्यावर त्या सकाळचं बोलणं बसलं होतं, ते कायमचं गेलं. त्या नऊ जणांत एक पाटकरी होते, कालव्याचं पाणी पाळीने शेतांना सोडणारे. पाणी ज्या क्रमाने फिरायचं त्या क्रमाने त्यांना चार गावांच्या शेतांची नावं पाठ होती. मागच्या उन्हाळ्यात ते वारले.

हे सांगायला फोन केला तर सरांनी आधी पाटकऱ्यांचंही गेलं का, ते विचारलं. मग म्हणाले, "माझंच चुकलं बघ. ते कार्ड शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचो मी. घामानं गेलं असणार." आणि उलट माझीच समजूत घातली की तू एवढी धडपड केलीस.

त्यानंतर दोन दिवस मला ऑफिसात कामच सुचेना. मॅडमनी विचारलं, "आता काय? मिळालं ना बहुतेक?" सरांशी मी काय खोटं बोललो ते सांगितलं. त्यांनी या वेळी टोमणा मारला नाही. म्हणाल्या, "फाइलींचं माझ्याकडे औषध होतं. याचं तुमच्याचकडे आहे."

फोनवर सर मला बोलूच देणार नाहीत, मध्येच माफ करून मोकळे होतील, हे मला माहीत होतं. म्हणून पत्र लिहिलं. ते असं:

सर,

कार्डात बिघाड नव्हता. आपल्या घामाने काही झालेलं नाही, कृपा करून तसं मनात आणू नका. पाचही कार्डांवर फाइलींची नावं सारखीच होती आणि मी ते न बघता सगळ्या एकाच ठिकाणी हलवल्या, त्यात जुन्या पुसल्या गेल्या. ही चूक एका अक्षराने टळली असती.

दुसरी चूक जास्त मोठी आहे. मला हे रविवारी दुपारीच कळलं होतं. तेव्हाच फोन केला असता तर सोमवारी आपण ते कार्ड वापरलं नसतं आणि त्यावरचं बहुतेक सगळं वाचलं असतं. आपण मला काय म्हणाल याची भीती नव्हती. आपण काहीच म्हणणार नाही, पण माझ्याबद्दल लोकांना सांगणं थांबवाल, याची होती. त्या भीतीपायी मी एक दिवस घालवला आणि मग आपल्याशी खोटं बोललो.

गेलेल्या नऊ जणांची यादी सोबत जोडली आहे. त्यांतले सहा जण अजून आहेत. शनिवारी पहिल्या गाडीने येतो. आपण सोबत येणार असाल तर त्या सहांकडे पुन्हा जाऊ. प्रश्न आपणच विचारा, रेकॉर्डर मी धरतो. उरलेल्या तिघांच्या घरी मी एकटा जाईन. पाटकऱ्यांचा मुलगा वडिलांचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून वाट बघतोय, असं आपण म्हणाला होतात. तो का मिळणार नाही हे त्याला आपण सांगू नका. ते मला सांगू द्या.

आपला विद्यार्थी