माईंना घराबाहेर ठेवायचे दोन दिवस

"मामी, शुक्रवार-शनिवार आईला घरात थांबू द्यायचं नाही. कुठंही न्या, पण संध्याकाळी पाचच्या आत परत आणू नका."

ह्यांच्या भाच्याचा, महेशचा, पनवेलहून फोन होता. त्याची आई म्हणजे ह्यांच्या थोरल्या भगिनी. सगळे त्यांना माईच म्हणतात. लग्न होऊन पोलादपूरजवळच्या एका खेड्यात गेल्या, त्या आजपर्यंत तिथंच. (गावाचं नाव लिहीत नाही, माईंनी मनाई केली आहे. "लोकं येतील आनि माझी पडवळं बघत बसतील," म्हणाल्या.) यजमान गेले, मुलगा पनवेलला, तेव्हा घरात त्या एकट्या. त्यांना पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती आणि महेशनं गुपचूप बेत आखला होता: दसरा झालाय, दिवाळीला अवकाश आहे, रविवारी अंगणात मांडव घालायचा आणि अख्ख्या वाडीला जेवण. त्याआधी शेजारच्या पार्वतीवहिनींच्या पडवीत बायका लाडू-चकल्या करणार, मांडववाला अंगण मोजणार. माई घरी असत्या तर पहिल्याच झाऱ्याच्या आवाजाला कुंपणावरून डोकावल्या असत्या.

"आणि मामी, फिरता फिरता तिला जरा समजवा," महेशचा आवाज उतरला. "ह्या पावसात ती परसात पडली. तासभर तशीच चिखलात होती, कुणाला पत्ता नाही. आता बास. तिची खोली मी तयार ठेवलीय. रविवारी सगळ्यांसमोर सांगून टाकतो, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला मजाच वाटली. मी निवृत्त झाले टेलिफोन एक्स्चेंजमधून आणि हे शाळेतल्या चित्रकलेच्या तासांतून. साताऱ्यातल्या आमच्या दिवसांत इतका मोठा कट बऱ्याच वर्षांत शिजला नव्हता.

गुरुवारी सकाळी सातला गाडी काढली. सातारा, मेढा, केळघरचा घाट, महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटानं खाली पोलादपूर. ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांना दोन सूचना. पावसाळ्यात आंबेनळीत दरडी येतात, म्हणून निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारून घ्या. आणि पेट्रोल महाबळेश्वरलाच भरा. आम्ही गेलो तेव्हा पाऊस सरला होता, डोंगर अजून हिरवे होते आणि कड्यांवरून पाण्याच्या शेवटच्या दोऱ्या लोंबत होत्या. प्रतापगडाच्या फाट्याजवळ एका झोपडीवजा हॉटेलात पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला. चुलीवरची भाकरी, दोघांचं मिळून दोनशेच्या आत. तिथं शेजारच्या बाकावर एक गृहस्थ फोनवर ओरडत होते, "अरे, मी पुण्यातच आहे, मीटिंगमध्ये!" आणि त्यांच्या मागे कोंबडा आरवला. हे म्हणाले, "सुमन, लोकांचं ऐकू नकोस." मी म्हटलं, माझा पगार त्याचाच होता.

सकाळी साडेअकराला माईंच्या दारात पोहोचलो. त्यांच्या हातात खुरपं, पदर खोचलेला, कपाळावर माती.

"आलात? बरं झालं. चा घ्या नि लागा कामाला."

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. त्या गंमत करत नव्हत्या. परसात पावसाळी वेल वाळायला आले होते, पडवळ, काकडी, घोसाळी. ते उतरवून मांडव मोकळा करायचा होता. मला मुळा, मेथी, कोथिंबिरीचे वाफे करायला बसवलं. ह्यांच्या हातात कुदळ दिली.

"सुभाष, हतं खड्डा घे. कमरेएवढा."

"माई, एवढा खोल? पुरायचंय काय?"

"रोप लावायचाय. बोलू नको, खण."

ह्यांनी उभ्या आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही. ऑक्टोबरचं ऊन, कोकणातला घाम. दर दहा कुदळींनंतर हे खड्ड्यात उभे राहून डोंगराची चित्रकाराच्या नजरेनं पाहणी करत. माई कट्ट्यावर बसून लसूण सोलता सोलता म्हणायच्या, "डोंगूर कुठं जात नाय." संध्याकाळपर्यंत खड्डा झाला, त्यात शेणखत आणि थोडं मीठ पडलं, आणि हातभर उंचीचं नारळाचं रोप उभं राहिलं. ह्यांनी त्याचा फोटो काढून मुलीला पाठवला. मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला कुणी पकडून ठेवलंय का?"

शुक्रवारी कट सुरू झाला. मी सकाळी चहा घेताना शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "माई, महाडला जाऊन यायचं का? बऱ्याच दिवसांत लेणी पाहिली नाहीत."

"लेनी?" माईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "बरं. चला."

महाडच्या पलीकडे हायवेला लागूनच गांधारपाल्याची लेणी आहेत. गाडी खाली लावायची आणि पायऱ्या चढायच्या. सकाळी लवकर जा, ऊन चढल्यावर कातळ तापतो. पाणी बरोबर ठेवा. आम्ही अर्ध्यात दम खात बसलो आणि माई नऊवारी सावरत वर पोहोचल्यासुद्धा. लेण्यांच्या ओवरीतून खाली नदीचं वळण, भाताची पिवळी खाचरं आणि महाडची घरं दिसतात. माई खांबाला टेकून बसल्या.

"मी हतं लग्नाच्या वर्षी आलेली. तवा ह्येंनी मला सांगितलेलान की आत वाघ हाय. म्हणून मी बाहेरच बसले. आज बघितलं. नाय वाघ."

इतक्या वर्षांनी नवऱ्याची थाप उघडी पाडल्यावर त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

खाली उतरून महाडच्या बाजारात फिरलो. माईंनी बियाणं घेतलं, नवी विळी घेतली. मग सुरमईची थाळी. महाडला मासे खायचे तर दुपारी एकच्या आत जा, नंतर चांगले तुकडे संपतात. सोलकढी दोनदा मागितली आणि दोनदा मिळाली. तीन वाजले. पाचपर्यंत दोन तास काढायचे होते. आणि तेवढ्यात माईंनी कपाळ धरलं.

"डोकं दुखताय गो. घरी चला."

आत्ता घरी गेलो तर पार्वतीवहिनी कढईसमोर सापडणार. मी म्हटलं, चवदार तळ्यावर जाऊ, वाऱ्यानं बरं वाटेल. हे म्हणाले, औषधाचं दुकान बघू. आम्ही अर्धा तास दुकान शोधलं, समोर दोन असताना. मग तळ्याच्या काठी बसलो. माई शांतपणे शेंगदाणे खात होत्या. दर दहा मिनिटांनी त्या कपाळाला हात लावायच्या, आम्ही दोघं ताडकन उभे राहायचो आणि त्या म्हणायच्या, "नाय, बसा. जरा कमी वाटताय."

शनिवारी सव नावाच्या गावाला गेलो. महाडपासून सावित्रीच्या काठानं सवपर्यंत गाडी जाते. तिथं गरम पाण्याची कुंडं आहेत, नदीच्या पलीकडे दासगाव. टॉवेल आणि जादा कपडे न्या आणि सुट्टीचा दिवस असेल तर शक्यतो सकाळीच जा. आम्हाला कुंडाजवळ निवांत कोपरा मिळाला. तिघंही पाय पाण्यात सोडून बसलो. लेण्यांच्या पायऱ्यांनी धरलेल्या माझ्या पोटऱ्या हळूहळू सुटत होत्या. मी ठरवलं, आता समजवायची वेळ झाली.

"माई, पनवेलला हल्ली खूप सोयी झाल्यात म्हणे."

"हो का?"

"डॉक्टर जवळ. बाग पण आहे बिल्डिंगखाली."

"बागेत मुळा लावू देतात?"

ह्यांनी पाण्यात पाय हलवले. माई म्हणाल्या, "सुमन, आचारी सोमवारीच येऊन गेला."

"कोण आचारी?"

"महेसनं ठरवलेला. माझ्या दारात येऊन मलाच विचारतो, 'आजी, पंचाहत्तरीवाल्या बाईंना जिलबी चालंल की बासुंदी?' मी म्हटलं, जिलबी कर. त्यांना दात हायेत."

हे इतके हसले की त्यांचा चष्मा कुंडात पडला. तो काढण्यात पाच मिनिटं गेली. मला मात्र कालची डोकेदुखी आठवली.

"म्हणजे काल डोकं…"

"कुठं दुखत होतं! तुमची तोंडं बघायला मजा येत होती." मग त्यांनी हसू आवरलं. "पार्वती सांगत होती, रविवारी तो मला घेऊन जायचं सांगनार. सगळ्यांच्या समोर. खरं हाय?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. मी मान डोलावली.

"तुम्ही दोघं पन त्याच्याच बाजूचे?"

हे हळूच म्हणाले, "माई, तू पडली होतीस. आम्हाला महिन्यानं कळलं. तू सांगितलंसुद्धा नाहीस."

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी पेटी भरली असतीत माझी." माई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तासभर पडलेली मी. भीती वाटली. नाय कशाला म्हनू? पन त्या तासात मला एकदा पन असं वाटलं नाय की मी पनवेलला असायला पाहिजे होतं. मला वाटलं, विहिरीची वाट नीट करून घ्यायला पाहिजे होती."

मग त्यांनी पाय बाहेर काढले, पुसले. "महेसला काय सांगू नका. पोरानं हौसेनं केलंय, मी काय त्याचा विरस नाय करनार. चला, पाच वाजायला अजून टाईम हाय. मला बिरवाडीला आइसक्रीम खायला घाला."

घातलं. दोन खाल्ली.

रविवारी सकाळी माईंना देवळात नेलं. परत आणलं तेव्हा अंगणात मांडव, झेंडूची तोरणं, वाडीतली झाडून सगळी माणसं, आणि मध्ये महेश आणि त्याची बायको स्नेहल. माईंनी उंबऱ्याशी थबकून दोन्ही हात गालांवर घेतले. "अगो बाय! हे काय गो!"

नाटकाची हौस त्यांना होती हे मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि ते बहुधा खरं होतं. पार्वतीवहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "देवलात जाताना कोन पैठनी नेसतं?"

पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं. बायकांच्या फुगड्या झाल्या, माईंनी एक घातली आणि स्नेहलला चक्कर आणली. वालाचं बिरडं, पुरी, भात, जिलबी. मग महेशनं माईक घेतला.

"आईनं आमच्यासाठी खूप केलं. आता ती एकटी राहणार नाही. दिवाळीपासून आई आमच्याकडे पनवेलला!"

टाळ्या पडल्या, पण निम्म्याच. बाकीचे माईंकडे बघत होते. माईंनी माईक हातात घेतला.

"येईन की. पन गुरुवारीच सुभाषमामानं एवढा घाम गाळून रोप लावलंय. त्याला फळ लागलं की येते. चालेल?"

महेशला परसातले वाफे दिसले असणार. तो आनंदानं म्हणाला, "चालेल! सगळ्यांसमोर सांगतो, चालेल! मुळा ना? दीड महिना!"

"मुल्याला फळ लागतं काय रे? नारळ लावलाय मामानं. जुन्या जातीचा. सात-आठ वर्षं तरी लागतील."

मांडव हलेल एवढा हशा झाला. माझे हे लाल होऊन जिलबीत तोंड घालून बसले. महेश हसला नाही. तो माईक ठेवून परसाकडे गेला.

माई त्याच्या मागे गेल्या. मी हात धुवायला न्हाणीशी गेले, आणि मी कोणत्या खात्यात नोकरी केली ते तुम्हाला माहीतच आहे.

"सगळ्यांसमोर माझी मस्करी केलीस."

"तू पन सगळ्यांसमोरच सांगितलंस ना. मला एकटीला विचारलं असतंस, तर एकट्याला सांगितलं असतं."

मग महेशचा आवाज फुटला. "फोन आला ना पार्वतीकाकूंचा, की आई चिखलात पडली होती… मी ऑफिसात खुर्चीवरून उठूच शकलो नाही."

"ये हतं." कापडाची सळसळ झाली. "पावसाचे दोन महिने येते तुझ्याकडे. खरंच येते. घसरनं तेवढ्यातच होतं. बाकी दहा महिने मी हतंच. नि मागच्या दारापास्नं विहिरीपर्यंत फरशीची वाट करून दे, धरायला पाइप बसव."

"अडीच महिने."

"दोन. नि गनपतीच्या आधी परत सोडायचं."

मी नळ सोडला, उगाच. दोघं बाहेर आले तेव्हा महेशच्या शर्टाला माईंना ओवाळताना लावलेलं कुंकू लागलं होतं.

सोमवारी सकाळी निघालो. डिकीत पडवळं, दोन भोपळे, लाडवांचा डबा. आंबेनळी चढताना धुकं मिळालं, दिवे लावून सावकाश आलो. घाटात ह्यांनी एकदाच तोंड उघडलं. "आपण तिच्याकडे गेलो ते तिला हलवायला, नाही?" मी म्हटलं, हो. आणि पुढे महाबळेश्वर येईपर्यंत दोघंही त्याच विचारात होतो.

साताऱ्याला येऊन आता तीन आठवडे झाले. ह्यांच्या हातावरचे कुदळीचे फोड वाळले. महेश दोनदा जाऊन आला, फरशी टाकून झाली, पाइप बसला. ह्या सहलीत लेणी, कुंडं, मासे सगळं छान होतं, तुम्हीही जरूर करा, पाऊस सरल्यावर आणि थंडी पडायच्या आत. पण माझ्याबरोबर घरी आलं ते वेगळंच. आम्ही चांगल्या मनाची चार माणसं होतो आणि एका शहाण्या बाईबद्दल तिच्या पाठीमागे कुजबुजत होतो, जणू ती एखादं सामान आहे.

आता माईंबद्दल काही ठरवायचं असलं, की पहिला फोन माईंनाच करतो. त्या अर्धं ऐकून घेतात, "नाय" म्हणतात आणि ठेवून देतात.