एका धावेची खुशी

सौदीत धाहरानला कंपनीच्या बसमध्ये सकाळी माझ्या शेजारी एक वयस्कर अमेरिकन बसायचा. कानात इयरफोनवर सामन्याची कॉमेंट्री, मांडीवर आवळलेली मूठ. त्याच्या गावचा बेसबॉल संघ तेव्हा सारखा हरत होता. एके दिवशी त्याने एकदम माझा हात दाबला.

"जिंकलो!"

"किती धावा काढल्या?" मी क्रिकेटच्या सवयीने विचारलं.

"एकच. पण आमच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, त्यांना एकही काढू दिली नाही. खांद्याच्या ऑपरेशननंतर पहिलाच सामना होता त्याचा." त्याचे डोळे भरले होते. "मारणाऱ्याला सगळेच ओळखतात. मला टाकणारा आवडतो."

गुहागरला मी कितीतरी वर्षं बोलिंग केली, पण असं कोणी बोललं नव्हतं. मी त्याला ते सांगितलं.

"मग चेंडू कसा धरायचास, दाखव!"

मी पिशवीतलं संत्रं बोटांत धरून दाखवत राहिलो आणि आमचा स्टॉप मागे गेला.