जबडा नव्हे, मॅन्डिबल

मराठी माणसानं स्वतःच्या देहाची जेवढी विटंबना केली आहे तेवढी यमानंसुद्धा केली नसेल, असं आमच्या हिच्या मामांचं ठाम मत आहे. ही विटंबना थांबवायला आख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच माणूस जन्माला आला, हे त्याहून ठाम मत; आणि तो माणूस कोण हे वेगळं सांगायला नको. "हात म्हणजे काय हो जावईबापू?" ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "खांद्यापासून बोटांपर्यंत सरसकट हात? कमरेखाली सगळा पाय? अहो, खाटीकसुद्धा यापेक्षा जास्त भाग पाडतो!" मामांच्या लेखी मनगटाच्या पुढचा तेवढा हात, त्यावर अग्रबाहू, त्यावर बाहू. एखादी नवी सून वाकून पाया पडली, तर आशीर्वादाच्या आधी तिला कळतं की तिनं फक्त टार्सल्सना, म्हणजे घोट्यापुढच्या हाडांना, स्पर्श केलाय, बोटांमागचे मेटाटार्सल्स राहिले. ती बिचारी पुन्हा वाकते. मग मामा खूश होऊन अष्टपुत्रा वगैरे म्हणतात.

मामा डॉक्टर नाहीत, हे मीच सांगून टाकतो, कारण ते स्वतः होऊन सांगत नाहीत. त्यांनी जन्मभर शाळांना आणि नर्सिंग कॉलेजांना शरीररचनेचे तक्ते नि प्लॅस्टिकचे सांगाडे पुरवले. पण तक्ते विकता विकता ते पाठ झाले, आणि पाठ झालेलं पोटात ठेवणं मामांच्या स्वभावात नाही. हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही, कारण पोट म्हटलं की ते हवेत दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारतात आणि विचारतात, "नऊ खोल्या आहेत. कुठल्या खोलीत ठेवणार?" आमची ही लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जायची. पोटदुखीचं सोंग करून कामं चुकवणं तिला कधीच जमलं नाही. कुठली खोली हे ठरेपर्यंत भांडी घासून व्हायची.

सांगाडा पोचवायला ते एसटीनं जायचे. सामान टपावर टाकायचं तर पटेला, म्हणजे गुडघ्याची वाटी, सुटेल या भीतीनं त्याला चादरीत गुंडाळून शेजारच्या सीटवर बसवायचे. एकदा माळशिरसच्या शाळेसाठी असाच सांगाडा घेऊन निघाले असताना टेंभुर्णीला एक म्हातारी गाडीत चढली. बराच वेळ चादरीकडे बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "पावणं लई आजारी हायेत का वं? निस्ती हाडं लागत्यात की!" आता कुणीही शहाणा माणूस व्हय म्हणून मोकळा झाला असता. पण चुकीची माहिती देतील तर ते मामा कसले! त्यांनी चादर बाजूला केली आणि म्हणाले, "आजार नाही आजी, यांना आजार व्हायला काही शिल्लकच नाही. हे बघा, हे क्लॅव्हिकल, गळ्याखालचं आडवं हाड." गाडी तिथंच थांबवावी लागली. म्हातारीला पाणी पाजेपर्यंत कंडक्टर मामांना जे काही बोलला, त्यात शरीराच्या बऱ्याच भागांचा उल्लेख होता, पण एकही शास्त्रशुद्ध नव्हता, अशी मामांची तक्रार आजतागायत आहे.

शरीरशास्त्रात माणूस उभा कसा राहतो, याचाही नियम आहे म्हणे: ताठ, नजर समोर, हात बाजूला आणि तळवे पुढच्या दिशेला. मामा प्रत्येक फोटोत असेच उभे असतात. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळे हसताहेत आणि कडेला हा माणूस दोन्ही तळवे उघडे टाकून, जणू दक्षिणेसाठी खोळंबलाय. एका पाहुण्यानं खरोखरच त्यांच्या हातावर पेढा ठेवला. दुसरा नियम डाव्या-उजव्याचा. तक्त्यात डावं म्हणजे बघणाऱ्याचं नव्हे, चित्रातल्या माणसाचं. मामांनी हा नियम समाजाच्या वार्षिक अंकाला लावला. ग्रुप फोटोखाली 'डावीकडून' म्हणून नावं दिली ती फोटोतल्या माणसांच्या डावीकडून. त्यामुळे अध्यक्षांच्या खाली मंडपवाल्याचं नाव आलं आणि मंडपवाला त्या वर्षापुरता अध्यक्ष झाला. मामांनी माफी मागितली नाही. "वाचकांनी फोटोत शिरून बघावं," म्हणाले.

या सगळ्याला पुरून उरल्या त्या मामी. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानातली बाई. दुखलं तर दुखलं म्हणावं, नाहीतर गप भाकरी थापावी, एवढंच त्यांचं वैद्यक. लग्न होऊन आल्यावर त्या पहिल्यांदा "कसंतरी हुतंय" म्हणाल्या तेव्हा मामांनी त्यांना भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं केलं होतं म्हणे. "कसंतरी हा अवयव मला यात दाखव." तेव्हापासून मामींनी दुखणं सांगायचंच सोडलं. मला हे त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं. "एवढं समदं सांगत बसण्यापरीस दुखल्यालं परवडतं, जावईबापू."

गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारी मामांचा मला फोन आला. सोलापूरचा मे, बाहेर नुसती आग लागलेली, आणि हे फोनवर लग्न ठरल्यासारखे आनंदात. "जावईबापू, आज इतक्या वर्षांनी फळ आलं! तुमच्या मामी जबडा दुखतोय असं नाही म्हणाल्या. मॅन्डिबल दुखतंय म्हणाल्या. मॅन्डिबल! खालचा जबडा, बिनचूक!" मी अभिनंदन केलं. दाढेचं काहीतरी असेल म्हणून त्यांनी लवंगेचं तेल लावलं होतं, आणि त्या आनंदात आणखी दोन नातेवाइकांना फोनही केले होते. तिकडे मामी लवंगेच्या तेलाचा बोळा चावत, नवऱ्याचं तोंड एवढं फुललेलं बघून, पाठीतही भरून आलंय हे सांगायच्या राहूनच गेल्या. तिथलं नाव त्यांना येत नव्हतं.

तासाभरानं दुसरा फोन आला. आवाज मामांचाच, पण मी ओळखलाच नाही. "लवकर या. हिला घाम फुटलाय." गाडी काढून पोचलो तर मामी पलंगावर गार पडलेल्या. दवाखान्यात नेलं. तिथली तरुण डॉक्टरीण घाईघाईनं विचारू लागली, कुठं दुखत होतं, कधीपासून, कुठून कुठं गेलं. जन्मभर ज्या प्रश्नासाठी तयारी केली तो प्रश्न अखेर मामांना कुणीतरी विचारला होता. मामांनी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "तिला... तिला कसंतरी होतंय हो. बघा ना."

हार्ट अटॅक होता. दुखत होतं हृदय, पण कधी कधी ते जबड्यात, पाठीत जाणवतं, बायकांच्या बाबतीत तर बऱ्याचदा, असं डॉक्टरणीनं नंतर समजावलं. मामींनी जागा अगदी बरोबर सांगितली होती, आजार तेवढा दुसरीकडे होता. आत त्यांच्यावर उपचार चालू होते आणि मामा दाराशी उभे होते: ताठ, नजर समोर, दोन्ही तळवे उघडे. इतकी वर्षं त्या उभं राहण्याला हसत आलो होतो. त्या दिवशी माझ्याच्यानं तिकडे बघवेना.

मामी वाचल्या. छातीत स्प्रिंग बसवून दहीभात मागत घरी आल्या. बिघडले ते मामा. माणूस हाताला हात म्हणू लागला. शेजारचा कुणी "पोटात गोळा आला" म्हणाला तर नुसती मान हलवायची. भिंतीवरचे तक्ते गुंडाळून माळ्यावर गेले. घरादारानं सुटकेचा निःश्वास टाकला, आमच्या हिनं तर देवापुढे साखर ठेवली. खूश नव्हत्या त्या एकट्या मामी. मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, "ह्येनला काय झालंय वो? काल मी मुद्दाम पाय दुखतोय म्हणलं. पाय! तरी गप. निस्ता बाम आणून दिला." आणि एकदम डोळ्याला पदर लावला. "लई वैताग हुता, जावईबापू, खोटं कशाला बोलू. पर आता घरात कुणी न्हाईच असं वाटतंय. मी जिती हाय की अजून!"

मागच्या रविवारी संध्याकाळी गेलो होतो. मामी खुर्चीत, मामा समोर वेताच्या मोड्यावर. मला बघून मामींना जरा चेव आला असावा. गुडघ्यावर हात आपटून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "माझा पाय दुखतोय!"

मामांनी खिशातून बामची डबी काढली. मी चहाच्या कपात बघत बसलो.

"पाय वो, पाय! समदा पाय!"

मामांचे ओठ हलले. "पाय नव्हे," ते अगदी हळू म्हणाले. "तिथं पटेला आहे."

"आसंल की. मला अडाण्याला काय ठावं."

मामा मोडा ओढून जवळ सरकले. गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवला. मग मान वर केली आणि विचारलं, "आणि दुसरीकडे कुठं? लपवायचं नाही हं. मॅन्डिबल?"

"न्हाय."

"मागं, स्कॅप्युलाजवळ? हे पाठीचं पसरट हाड."

"न्हाय."

"क्लॅव्हिकल? खांदा? बाहू? अग्रबाहू?"

एकेक नाव घेत मामा निघाले होते आणि एकेका नावाला मामी आरतीला टाळी द्यावी तसं न्हाय म्हणत होत्या. माझा चहा निवला, पण उठवेना. मग आलं छातीचं मधलं हाड.

"स्टर्नम..." ते म्हणाले आणि थांबले.

"न्हाय," मामी म्हणाल्या. "तितं आता काय न्हाय. फुडं म्हणा."