गळती सापडल्याशिवाय गॅस नाही

चौक गावात जुन्या हायवेच्या कडेला सखारामकाकांचं गाड्यांच्या एसीचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, समोर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या दोन-तीन गाड्या आणि खांबावर काकांनी स्वतः रंगवलेली पाटी: 'गळती सापडल्याशिवाय गॅस भरला जाणार नाही.' माणूस हट्टी आहे, हे पाटी वाचूनच कळायचं. मला हट्टी माणसं आवडत नाहीत, कारण मी स्वतः तसाच आहे.

पाटीमागे एक अपमान होता. तरुणपणी काकांनी कोणाच्या तरी गाडीत नुसता गॅस भरून दिला. आठ दिवसांत तो उडाला आणि गिऱ्हाइकाने भर रस्त्यात त्यांना चोर म्हटलं. तेव्हापासून ते येईल त्याला एकच ऐकवत. "गॅस म्हंजी पेट्रोल नव्हं. तो जळत नाय, सरत नाय. कमी झाला म्हंजी कुठंतरी गळतोय." कर्जतपासून खोपोलीपर्यंतचे लोक या हट्टापायीच त्यांच्याकडे गाडी आणत.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मीही आणली. आई पनवेलला हॉस्पिटलात होती. सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता घरी न्या, एखाद-दोन दिवसांचा प्रश्न आहे. आईला ते न सांगताच कळलं होतं. "नवीन, मला घरी ने रं. दहिवलीला आपल्या ओटीवर निजव. आन् त्या ॲम्ब्युलन्समदी नको घालू. तुझ्या बापाला तिच्यातनंच आणलं व्हतं."

माझ्या गाडीचा एसी गार हवा देत नव्हता. आधीच्या फेरीला उन्हात आईचा जीव कासावीस झाला होता. म्हणून माझ्या बायकोला, सुरभीला, तिच्यापाशी बसवून मी चौकला आलो. वाटलं, अर्ध्या तासात गॅस भरून परत जाऊ.

काकांनी मीटरच्या दोन नळ्या जोडल्या आणि इंजिन चालू करायला लावलं. कॉम्प्रेसर टक करून लागे आणि लगेच सुटे. निळ्या मीटरचा काटा चाळिशीच्या आसपास हवा होता, तो पंधराच्या वर येईना.

"प्रेशर लई कमी हाय. गळती बघाय लागंल."

"नुसता गॅस भरा, काका. मला घाई आहे."

"घाई समद्यांनाच आसती."

"गाडी माझी आहे. भरा म्हटलं की भरा."

ते हसले आणि त्यांनी पाटीकडे बोट केलं. तेव्हा मला एकच वाक्य बोलायचं होतं, की आईला न्यायचंय. ते माझ्याच्याने बोलवेना. ज्याच्याशी तावातावाने भांडतोय, त्याच्यापुढे रडायचं कसं? मी फणकाऱ्याने बाकावर जाऊन बसलो.

उरलासुरला गॅस काढून घेऊन त्यांनी पायपांत नायट्रोजन भरला आणि एकेका जोडाला साबणाचा फेस लावत गेले. कंडेन्सरच्या जोडावर एक बारीक बुडबुडा फुगत होता. आतली रबराची रिंग चिरली होती. त्या मापाची रिंग गॅरेजात नव्हती, म्हणून काका स्कूटरवरून खोपोलीला गेले. तेवढ्यात सुरभीचा फोन आला. "आई विचारतायत, गाडी आली का?" मी म्हटलं, "निघालोच."

काका परत आले, रिंग बसवली, पंप लावून आतली हवा ओढली. काटा हलत नाही ना, हे बघत अर्धा तास थांबले. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला आणि माझा फोन पुन्हा वाजला. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, असं सुरभी म्हणाली.

"झालंच दादा, पाच मिन्टं."

"राहू द्या आता. आई गेली. तिलाच घरी न्यायचं होतं."

काका नळी हातात धरून उकिडवे बसले. "सांगायचं व्हतंस रं."

"तुम्ही विचारायचं होतं."

हे मी दुखवण्यासाठीच म्हटलं आणि ते लागलं. काकांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. तरी त्यांनी उठून गॅस भरला, जोड पुसला, बॉनेट लावलं. संध्याकाळी आई ॲम्ब्युलन्समधूनच दहिवलीला आली. तिच्यापुढे माझी गाडी होती, गारेगार आणि रिकामी.

दहाव्याला काका नदीवर आले होते. लांब उभे राहिले आणि न जेवताच गेले. मीही त्यांना थांबवलं नाही.

त्यानंतर चौकवरून जाताना मी मान वळवून जायचो. या मे महिन्यात मात्र थांबलो. खांबावरच्या पाटीवर पांढरा रंग फासलेला होता. काका एका गिऱ्हाइकाला विचारत होते, "गाडीत कोण बसनार हाय? कुठं जायाचं हाय?" मागच्या सीटवर एक आजारी म्हातारा होता. काकांनी नुसता गॅस भरला. "आदी नेऊन सोडा त्यांना. गळती मागनं बघू." शेजारचा पंक्चरवाला मला हळूच म्हणाला, काका आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.

मग त्यांनी मला पाहिलं. मीटर आणून माझ्या गाडीला लावला आणि इंजिन चालू करायला खूण केली. काटा चाळिशीवर उभा होता. दोन वर्षांत जरासुद्धा उतरला नव्हता.

"काका, चूक माझी होती. मलाच सांगता आलं नाही."

ते काट्याकडेच बघत राहिले. "येवढं चोख काम नव्हतं करायचं रं त्या दिवशी," ते म्हणाले आणि नळ्या काढून गुंडाळायला लागले.