आईचे पित्ताचे खडे

रविवारी रेवदंड्याच्या मासळी बाजारात आईने ऐन गर्दीत असा बॉम्ब टाकला, की माझ्या हातातली सुरमई निसटून पडली...

आधी मागचं सांगते. पाच वर्षांपूर्वी आईच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. कॅन्सर. पण गावात आम्ही सांगितलं पित्ताचे खडे! आईचाच हुकूम होता. "कॅन्सरवालीच्या हातची मासळी कोन घेल?"

हॉस्पिटलात मात्र सगळं उलटंच. ऑपरेशनच्या दुसऱ्याच सकाळी नर्सने आईला उठवून चालवलं. सोबतीला आलेली आईची बहीण तर भांडायलाच उठली... पोट फाडलेल्या बाईला चालवतात होय?

खायलाही लगेच दिलं, आणि आतडं लवकर जागं व्हावं म्हणून चक्क च्युइंगगम! हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये गम चघळत पॅसेजमधून फिरणारी आमची आई... थेट कॉलेजकुमारी.

लवकर उभी राहिली म्हणून केमोही वेळेवर सुरू झाली. दर खेपेला आम्ही 'खड्यांची तपासणी' सांगून मुंबईला जायचो. गावाला वाटायचं, केवढे खडे आहेत हिच्या पोटात! गेल्या महिन्यात पाच वर्षांची तपासणी झाली, सगळं क्लिअर.

तर रविवारी शेजारचे नानाकाका आईच्या मासळीच्या पाटीजवळ येऊन बसले. होडी आहे त्यांची. त्यांनाही आतड्याचा कॅन्सरच निघालाय, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, आणि काका अडून बसलेले. मागे काकी डोळे पुसत उभ्या.

"पोट फाडलं का मानूस खाटंवर पडला, वहिनी. नाय करायचं. हायेत तितके दिस दर्यावर काढीन."

आईने कापायला घेतलेली सुरमई माझ्या हातात दिली. "नाना, माजे खडे नव्हते. कॅन्सरच व्हता, तुज्यासारका आतड्याचा. दुसऱ्या दिशी चालले मी."

आजूबाजूच्या पाट्यांवरच्या बायकांनी माना वळवल्या. सुरमई माझ्या हातातून निसटली... गेला आता आईचा धंदा!

समोर एक नेहमीच्या बाई पापलेट हातात धरून उभ्या होत्या. त्या पापलेट पुढे करून म्हणाल्या, "कापून दे गं. डोकं टाकू नकोस."

नानाकाकांचा विश्वासच बसेना. "तुला कॅन्सर? काल तर कोलंबीवरनं माज्याशी भांडलीस!" आणि हसायलाच लागले. कितीतरी दिवसांनी हसले म्हणे. परवा ऍडमिट होतायत, काकींचा फोन आला होता.

बाजार उठताना बाजूच्या पाटीवरची हिरामावशी आईजवळ येऊन टेकली. दोघींचं कधीच पटलेलं नाही. ती हळूच म्हणाली, "मना पन संडासला रगत जातं गो... कोनाला सांगितलं नाय."

आईने तिचा हात धरला तो सोडलाच नाही. उद्या पाटी लावायची नाही, हिराला आधी डॉक्टरकडे न्यायचं, असं तिने तिथेच ठरवून टाकलं.

डॉक्टरांचे आणि त्या नर्सचे आभार मानावे तितके थोडे... पण आज जरा आईचे जास्त.